पंच्याखालचा भाव

शेवटच्या बाकावरचे ते दोघे तोंड न उघडता हसत. खांदे हलत, कान लाल होत, आणि समोर फळ्यावर मास्तरांनी नुकताच एक त्रिकोण काढलेला असे. त्रिकोणात हसण्यासारखं काय असतं, याचा शोध मी इंग्रजी चौथीचे, म्हणजे आताच्या आठवीचे, पहिले दोन महिने घेत होतो. प्रमेयं त्यामुळेच राहिली, असं मी घरी सांगत असे.

दिवस लढाईचे होते. कागदाची इतकी टंचाई की चिठ्ठ्या पाठवायची चैन कुणाला परवडत नसे. कुजबुजावं तर मास्तरांचे कान भलते तिखट. मग यांचा विनोद एकाकडून दुसऱ्याकडे जातो तरी कसा? एक होता घोडेगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, दुसरा राहात्याचा. दोघेही नगरला बोर्डिंगात राहत. मी नगरातलाच, चार पिढ्या कारकुनी केलेल्या घरातला. दुसऱ्याच्या दप्तरात डोकावण्याची खोड मला वारसाहक्कानं मिळालेली.

काहीच सुगावा लागेना, तेव्हा ते हसले की मीही हसू लागलो. पण ते हसणार कधी हे आधी कळत नसल्यामुळे माझं हसू हमखास उशिरा यायचं. एकदा ते दोघे हसून गप्प झाले, मी सुरू झालो आणि मास्तर वळले.

"काय झालं हसायला?"

मला स्वतःलाही तेच विचारायचं होतं. बाकावर उभं राहण्याची शिक्षा झाली. पण त्या उंचीवरून मला प्रथमच दिसलं की दोघांच्या मांड्यांवर मिळून एकच पंचा पसरलाय आणि त्याखाली काहीतरी वळवळतंय.

मधल्या सुट्टीत मी दोघांना गाठलं. "मांजराचं पिल्लू आणता ना रे वर्गात?"

"पिल्लू न्हाई," घोडेगावकर गंभीरपणे म्हणाला. "मास्तर हाय."

मग उलगडा झाला. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात भाव कधी तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि मालक हातांवर कापड टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरून किंमत ठरवतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. हे दोघे त्याच रीतीनं तासातासाला समोरच्या मास्तरांचा सौदा करत. घोडेगावकर विकणारा, राहातेकर घेणारा. नवे तरुण ड्रॉइंग मास्तर 'आदत' होते, म्हणजे अजून दुधाचे दात न पडलेलं वासरू. संस्कृतचे शास्त्रीबुवा 'गरीब, पण चालीला मंद'. खरी गंमत भाव पाडण्यात होती. मास्तर फळ्याशी चुकले की विकणारा एक बोट सोडून द्यायचा, आणि त्या सुटलेल्या बोटावर दोघे हसायचे.

आठवड्याभरात मी त्यांच्या बाकावर सरकलो आणि पंच्याखाली तिसरा हात गेला. शिकल्यावर पहिला प्रश्न मी काय विचारावा?

"माझा किती लागतो रे?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. राहातेकर म्हणाला, "तुझा सौदा न्हाई केला कधी."

"का?"

"आपल्यातल्याचाच करतो आमी. मास्तर रोजचे. तू आत्ता आलास."

हे मला भलतंच लागलं. कुणीतरी आपल्याला विकावं म्हणून झुरणारा विद्यार्थी साऱ्या जिल्ह्यात मी एकटाच असेन. त्याच ओढीनं दिवाळीच्या सुट्टीत, "बाजार बघायला येतो," म्हणत मी घोडेगावकराच्या मागे लागलो आणि पेट्रोलअभावी कोळशाच्या गॅसवर ढेकर देत चालणाऱ्या मोटारीतून त्याच्या गावी उतरलो.

त्याच्या आबांना एक पांढरा बैल विकायचा होता. आमच्या घरात बैल यायचा तो पोळ्याला, मातीचा, पाटावर बसून. त्यामुळे दोस्त पाणी आणायला गेला आणि आबा माझ्या हाती दावं देऊन दुसरी जोडी बघायला गेले, तेव्हा मी फक्त बैलाची शिंगं माझ्यापासून किती लांब आहेत तेवढं बघत होतो.

एक दलाल आला. त्यानं बैलाचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि काही न बोलता खांद्यावरचं कापड माझ्या हातावर टाकलं.

मला केवढा आनंद झाला! खरा बाजार, खरं कापड, आणि मला येतंय! मी ऐटीत चार बोटं दिली. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मी वर्गातल्यासारखं एक बोट सोडलं आणि तो हसेल म्हणून त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो हसला नाही. विनोद पोचला नसेल म्हणून मी आणखी एक सोडलं.

"दिला!" दलाल ओरडला आणि त्यानं माझ्या हातातलं दावं घेतलं.

आबा धावत आले. मागून तांब्या घेऊन दोस्त.

"कुणी दिला?"

"ह्या पोरानं. कापडाखाली दिलाय."

"आबा, ह्यो आपला न्हाई!" दोस्त कळवळून म्हणाला. "नगरचा हाय. सांगा, सौदा मोडंल."

आबांनी माझ्याकडे बघितलं. माझी मान खाली. एक शब्द बोलले असते तर बैल परत मिळाला असता. ते दलालाला म्हणाले, "दावं त्याच्या हातात मीच दिलं हुतं. म्हंजी माझाच हाय त्यो. न्या बैल."

रात्री त्यांनीच मला जेवताना दुसरी भाकरी वाढली. दोस्त मात्र बोलला नाही. मोटारीपर्यंत पोचवायला आला, तोही चार पावलं पुढून.

सुट्टी संपल्यावर मी मुकाट्यानं पुढच्या बाकावर बसलो. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला मागून ओळखीचं, तोंड न उघडलेलं हसू आलं. मास्तर तर काहीच चुकले नव्हते. मी वळून बघितलं. पंचा हलत होता आणि दोघेही माझ्याकडे बघत होते. अगदी दात बघावेत तसे.

घंटा होताच मी मागे गेलो. "विकलं का मला?"

"इकलं," घोडेगावकर म्हणाला. सुट्टीनंतरचा त्याचा पहिला शब्द.

"कितीला?"

"ते कापडाखालचं. सांगत नसत्यात."

राहातेकर पंच्याची घडी घालत कुरकुरला, "लई म्हाग लावला ह्यानं. एक बोट सुदिक सोडंना."