पांढऱ्या शर्टामागे

शाळेची बस चालवतो म्हणून मित्रांनी त्याचं नाव ‘स्टेअरिंग’ ठेवलं होतं. घरातलं स्टेअरिंग मात्र बायकोच्या हाती, असं त्यांच्यातला न्हावी म्हणायचा. तीच बायको वर्षभर त्याच्या कानीकपाळी ओरडत होती, डोळे दाखवून या म्हणून. दिवसा त्याची नजर घारीची. दिवेलागणीला ताटाशेजारचा पेला सापडायचा नाही. हे बाहेर फुटलं तर नोकरी गेलीच, आणि गाडी चालवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी न्हावी, वेल्डर आणि तो डोंगरावर गेले. वेल्डरची मुलगी त्याच्याच बसने संध्याकाळी घरी यायची, त्याला काका म्हणायची. दुपारीच उतरायचं ठरलं होतं, पण न्हावी गप्पांना बसला की घड्याळाला कोण विचारतो! ऊन कललं तसा स्टेअरिंग उठून उभा राहिला.

“चला की रे आता!”

“बायकोला एवढा भितोस?” न्हावी हसला.

तिन्हीसांजेला उतरताना स्टेअरिंगने पुढच्या वेल्डरच्या पांढऱ्या शर्टावर नजर रोवली. शर्ट वळला की हा वळायचा. डावीकडे दरी होती. मग गार वारा सुटला आणि वेल्डरने काळं जाकीट चढवलं.

शर्ट दिसेनासा झाला. हाक मारावी तर बिंग फुटेल, म्हणून तो तसाच सरळ चालत राहिला. एक पाय हवेत गेला, खालचे दगड गडगडले, आणि मागून येणाऱ्या न्हाव्याने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं.

“अरे, एवढं मोठं वळण दिसलं नाही?”

त्याला थाप सुचेना. “नाही दिसलं. अंधारलं की मला काही दिसत नाही रे.”

वेल्डर परत आला होता. “मग संध्याकाळी बस कशी चालवतोस?”

“पुढच्या गाडीचे लाल दिवे बघून.”

“आणि पुढे गाडी नसली तर?”

वेल्डरने त्याचं मनगट पकडलं आणि पायथ्यापर्यंत सोडलं नाही. पकड दुखत होती. दरीची भीती कधीच मागे पडली होती. आता वेल्डर बोलत नव्हता, त्याचीच भीती वाटत होती.

खाली स्टेअरिंगची जीप उभी होती. “किल्ली,” वेल्डर हात पुढे करून म्हणाला.

त्याने जुडगा काढला. जीपची किल्ली सोडवताना बोटं बसच्या किल्लीवर अडखळली. सोडवायचं थांबवून त्याने अख्खा जुडगा वेल्डरच्या हातावर ठेवला.

“उद्या काका येणार नाही, म्हणून पोरीला सांग.”