खणातल्या कार्डाची सूचना

भुताखेताची गोष्ट ऐकली की आधी वायर तपासणारा माणूस मी. बालाघाटच्या ज्या खाजगी हॉस्पिटलात मी अकरा वर्षं नेटवर्क सांभाळतोय, तिथे एकदा लिफ्ट आपोआप वर जाते म्हणून बोंब झाली होती. मी अडकलेलं बटण साफ केलं, भूत पळालं! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण पोटात ठेवून झोप लागत नाही.

थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. आमच्या सर्व्हरला तीन नेटवर्क कार्डं होती, म्हणजे बाहेर पडायची तीन दारं समजा. प्रत्येकाचा पत्ता वेगळा. युपीएस, रक्ताचा फ्रिज, काहीही बिघडलं की सर्व्हर माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरला सूचना पाठवतो, आणि ती ज्या दारातून निघेल त्याचा पत्ता तिच्यावर पडतो. माझ्या कॉम्प्युटरच्या यादीत फक्त तिसऱ्या कार्डाचा पत्ता होता. अनोळखी पत्त्याची सूचना तो न दाखवता बाजूला टाकायचा.

मे महिन्यात वीज पडली आणि तिसरं कार्ड जळालं. मी ते काढून टेबलाच्या खणात टाकलं, केबल दुसऱ्या कार्डाला लावली, काम सुरू. यादीत नवा पत्ता टाकायचा मात्र राहून गेला. पुढे दीड महिना एकही सूचना आली नाही आणि मी खुशीत... चला, यंदा सगळं ठीक चाललंय!

जूनच्या शेवटी माझी धाकटी बहीण रेखा लांजीहून बाळंतपणासाठी आमच्याच हॉस्पिटलात भरती झाली. तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह. जवाईंनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, वारासिवनीपर्यंत फिरून त्याच गटाची दोन माणसं शोधून आणली, तेव्हा कुठे रक्ताच्या दोन पिशव्या जमल्या. ऑपरेशन दुपारी तीनला होतं.

सव्वा एकला मी डबा उघडला, तेवढ्यात स्क्रीनवर लाल ओळ – रक्ताचा फ्रिज, तापमान जास्त. घास टाकून खाली पळालो. खरं तर फ्रिजचा स्वतःचा भोंगा वाजायला हवा होता, पण लाइट गेली की तो उगाच कोकलतो म्हणून कोणीतरी त्याची वायरच काढून ठेवली होती. तापमानाचा आकडा नऊ अंशांवर गेलेला. दहाच्या वर गेला की रक्त फेकायचं, असा नियम. शेजारी रजिस्टर लिहीत बसलेल्या मेश्राम सिस्टरांनी पिशव्या घाईघाईने लॅबच्या फ्रिजमध्ये हलवल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"भाऊ, मी तं इथंच बसून होती, मले नाही समजलं. तुमाले कोनं सांगतलं?"

मशीननं, म्हटलं.

ऑपरेशनमध्ये रेखाला फार रक्तस्राव झाला. दोन्ही पिशव्या लागल्या. मुलगी झाली.

संध्याकाळी रिपोर्ट लिहायला ती लाल ओळ उघडली, तर पत्ता तिसऱ्या कार्डाचा! खण ओढला. कार्ड तिथेच होतं, एक कोपरा काळा पडलेला. सर्व्हरच्या नोंदीत ती सूचना दुसऱ्या कार्डातून एकदाच गेली होती. माझ्या कॉम्प्युटरने ती बाजूलाही टाकली होती, दीड महिन्याच्या बाकीच्या सूचनांसोबत. म्हणजे एकच सूचना दोनदा पोचली... एकदा मशीनमधल्या कार्डातून आणि एकदा खणातल्या.

जाणकार म्हणतील, जुना पत्ता कुठेतरी सेटिंगमध्ये राहिला असेल. मग आधीच्या सूचना का नाही दिसल्या? मी फ्रिजचा सेन्सर मुठीत गरम करून दहा वेळा सूचना पाठवून बघितली. दहाही अनोळखी म्हणून बाजूला पडल्या. तो पत्ता नेटवर्कवर दुसऱ्या कोणाकडेही नाही. त्यानंतर नवा पत्ता मी यादीत टाकलाय आणि सगळं सुरळीत चालतंय.

मागच्या महिन्यात लांजीला गेलो होतो. रेखानं पोरगी माझ्या मांडीवर ठेवली आणि तिला म्हणाली, "ह्या मामानंच वाचवलं तुह्या मायले."

मी मान खाली घालून पोरीचे पाय चोळत बसलो. खरी सूचना माझ्याच चुकीमुळे अडली होती, हे मी तिला अजून सांगू शकलेलो नाही.