पुतळ्याच्या चपला

मी ज्या छोट्या संग्रहालयात शिपाई आहे, तिथं ती विद्यापीठाकडून महिनाभर काम शिकायला आली होती. सेनगावकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. एका जागी कधी बसायची नाही. वस्तूंच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहिता लिहिता उठायची, मेंढपाळाच्या पुतळ्यापाशी जायची, परत यायची.

"काहून फिरून राहिली गं?" मी एकदा विचारलं.

"काका, त्यो घोंगडीवर चपला घालून उभा हाय. आमी घोंगडीवर देव मांडतो. न्हाई बघवत."

मांडणी साहेबांची होती, पण चपला मीच चढवल्या होत्या. वस्तूला हात लावला तर प्रमाणपत्र मिळणार नाही, हे साहेबांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

शेवटच्या दिवशी तिनं स्वतःच्या चपला दाराशी काढल्या, आत जाऊन पुतळ्याच्याही काढल्या आणि नोंदवहीत सहीनिशी लिहिलं, ‘चपला मी काढल्या.’ मग प्रमाणपत्र न मागताच एसटी गाठायला निघून गेली.

"परत घाला," साहेब म्हणाले. मी व्हय म्हणालो, पण चपला अजून माझ्या खणात आहेत.

घोंगडी माझ्या बापाची. इथं मीच आणून दिली होती. एवढं तिला सांगायला महिनाभर माझं तोंड उघडलं नाही.