उल्कावीराचा एकतिसावा अंक

आमच्या घरच्या गणपतीच्या पोटात गेल्या वर्षी एक खलनायक होता, आणि तो तिथे माझ्यामुळे गेला होता.

खलनायकाचं नाव कृष्णकवच. माझ्या लहानपणी ‘उल्कावीर’ नावाचं कॉमिक निघायचं, त्यातला हा. कृष्णकवच एकेक सूर्य विझवत सुटायचा आणि उल्कावीर त्याच्या मागे धावत ते पेटवायचा. चाळिसाव्या अंकात दोघे विश्वाच्या टोकावर समोरासमोर आले, कृष्णकवचाने मुखवट्याला हात घातला, खाली ‘चेहरा पाहा पुढील अंकात’ असं छापलं, आणि छापखानाच बंद पडला! विश्व तेव्हापासून तसंच लटकलेलं आहे. बाकीची पोरं नोकरीधंद्याला लागली. मीही लागलो (रोह्याला एका केमिकल कंपनीत, तीन शिफ्टमध्ये), पण डोकं त्या टोकावरच राहिलं.

अशी डोकी आणखी दहा निघाली. आमचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे आणि त्यात दोन पक्ष आहेत. माझ्या पक्षाच्या मते मुखवट्यामागे खुद्द उल्कावीरच आहे, भविष्यातून उलटा आलेला. दुसऱ्या पक्षाच्या मते तो उल्कावीराचा गुरू. त्या पक्षाचे पुढारी म्हणजे पेणचे म्हात्रे सर (मास्तरांना गुरूशिवाय दुसरं कोण सुचणार?). आठवीत ते मला गणिताला होते. वर्गात त्यांनी माझा बारावा अंक जप्त केला, घरी नेऊन वाचला आणि ते बिघडले. पुढे त्यांचा अख्खा संग्रह जप्तीवरच उभा राहिला. त्याच वर्षी मला गणितात बरोबर पस्तीस मार्क पडले. ते कसे पडले हे मला कळलं नाही, वडिलांना तर त्याहून कळलं नाही.

वादाचा निकाल एका चित्रात होता. एकतिसाव्या अंकात एकदाच, एकाच चौकटीत, कृष्णकवचाचा हातमोजा निघतो आणि तळहातावर भाजल्याचा डाग दिसतो. उल्कावीराच्या डाव्या हाताला डाग आहे आणि गुरूच्या उजव्या, हे सगळ्यांना पाठ होतं. डाग कुठल्या हाताला, एवढंच बघायचं होतं. आणि एकतिसावा अंक अकरा जणांत फक्त माझ्याकडे होता, कारण सरांच्या धाकाने मी तो शाळेत कधी नेलाच नाही. डावा हात मला स्वच्छ आठवत होता. मी ग्रुपवर छाती काढून लिहिलं की येत्या रविवारी वडखळच्या हॉटेलात अंक घेऊन येतो, ज्याची थिअरी पडेल त्याने सगळ्यांसमोर हात जोडायचे.

मग मी माळ्यावर चढलो, आणि माळ्यावर खोकं नव्हतं.

इथे माझी हुशारी सांगायला हवी. आमच्या सुनंदाला घरात जुना कागद दिसला की तो भंगारवाल्याकडे जातो. फक्त एका रद्दीला ती हात लावत नाही. तिचं माहेर हमरापूरचं. तिचा भाऊ दिनेश कागदाच्या लगद्याचे गणपती करतो आणि त्याच्यासाठी आम्ही वर्षभर वर्तमानपत्रं साठवतो. देवाचं काम, त्यामुळे तो कागद घरात कुणी इकडचा तिकडे करत नाही. तेव्हा कॉमिक ठेवायला याहून सुरक्षित जागा कुठली? मी खोक्यावर जाड मार्करने ‘हमरापूरची रद्दी’ असं लिहून ठेवलं होतं. दहा वर्षं त्याला कुणी शिवलं नाही, कारण दिनेश दरवर्षी दारामागची पोती उचलायचा आणि जायचा. गेल्या वर्षी त्याची ऑर्डर वाढली, मी सकाळच्या शिफ्टला होतो, आणि सुनंदाने कौतुकाने भावाला माळा दाखवला.

“अहो, तुम्ही एवढं खोकं भरून ठेवलंत आणि बोलला नाहीत,” ती म्हणाली. “दादूस किती खूश झाला!”

लग्नाला चोवीस वर्षं झाली. एवढ्या मायेने ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. खरं सांगायचं धाडस काही झालं नाही.

मी मोटरसायकल काढली आणि हमरापूर गाठलं. दिनेशच्या कारखान्यात निळ्या पिंपात राखाडी खीर भिजत होती. मी बाही वर करून हात घातला. चाळीस अंकांचं विश्व बोटांतून निसटून गेलं.

“भावोजी, काय हरवलं?” दिनेशने विचारलं.

मी कॉमिकचं विचारलं.

“ती चित्रांची पुस्तकं व्हय? भिजवली की. थोडी पानं तेवढी ठेवली. मूर्ती साच्यातून निघाली की आतून पट्ट्या चिकटवायला बरी पडतात.”

शेडमध्ये साठेक मूर्ती वाळत होत्या. मी जमिनीवर आडवा झालो, मोबाईलची बॅटरी लावली आणि एकेका मूर्तीच्या पोकळ पोटात खालून बघत सरपटू लागलो. लगदा मळणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघायला लागल्या. वहिनी आल्या आणि काळजीने म्हणाल्या, “भावोजी, पाया पडायला अजून लय वेळ हाय.”

एकेचाळिसाव्या मूर्तीत तो सापडला. आत, बरोबर पोटाच्या जागी, चौकट जशीच्या तशी चिकटलेली. हातमोजा निघालेला, तळहातावर डाग. हात उजवा.

मी डोळे चोळले, मान वाकडी केली, मूर्तीभोवती फिरून दुसऱ्या बाजूने शिरलो. हात काही बदलेना. इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आलो ते सपशेल चूक होतं. मला खरोखर रडू आलं. वहिनींनी ते भक्तीचं समजून मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्याच्या घरी हा पुरावा जाऊ द्यायचा नाही म्हणून मी ती मूर्ती आमच्यासाठीच सांगून ठेवली. ग्रुपवर मात्र लिहिलं की अंक लगद्यात गेला, पण चौकट मूर्तीत शाबूत आहे आणि हात डावाच आहे. खोटं बोललो. म्हात्रे सरांनी उत्तर दिलं, “दर्शनाला येतो.”

चतुर्थीला ते पेणहून एसटीने आले. पंचाहत्तरी उलटलेली, हातात जास्वंदीची पुडी. नमस्कार झाल्यावर त्यांची नजर मूर्तीच्या बुडाकडे वळली. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती विसर्जनापर्यंत हलवत नाहीत, हे मी त्यांना अत्यंत धार्मिक आवाजात सांगितलं.

“बरोबर,” सर म्हणाले. “तुमचा किती दिवसांचा असतो?”

“पाच,” सुनंदा आतून म्हणाली. “विसर्जनालाही या हां सर.”

सर आले. उत्तरपूजा झाली, मूर्ती जागची हलवली, आणि उचलायला मी पुढे होणार तोच सरांनी हात घातला. मूर्ती कडेला तिरकी करून, खाली वाकून त्यांनी निवांत आत बघितलं. मी तिथेच हात जोडून उभा राहिलो (लोकांना वाटलं बाप्पाला). सरांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. कुंडलिकेच्या पाण्यात बाप्पाबरोबर कृष्णकवचही गेला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सरांचा मेसेज होता. “मी स्वतः पाहिलं. हात डावा. माझी थिअरी मागे घेतो.” खाली त्यांनी हात जोडले होते. माझ्या पक्षाने जल्लोष केला, मला मात्र त्यात भाग घेता येईना. शेवटी मी त्यांना फोन लावला.

“सर, हात उजवा होता. मी खोटं लिहिलं होतं.”

“दिसलं मला. चष्मा नवा आहे.”

“मग तुम्ही असं का लिहिलंत?”

“अरे, अकरा जणांत तोंड कसं दाखवणार होतास? थोडक्यासाठी पोराला कशाला नापास करायचं,” सर म्हणाले. “तेव्हाही नव्हतं केलं.”

विश्वाचं कोडं अजून टोकावर लटकलेलं आहे, आणि ग्रुपवर त्याचं चुकीचं उत्तर माझ्या नावाने सर्वांत वर लावलेलं आहे. गणितात मला पस्तीस कसे पडले, तेवढं मात्र पस्तीस वर्षांनी कळलं.