आज सामना नाही

बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघं सांगत होतात, की तिकडे जर्मनीत गावच्या फुटबॉल क्लबात नाव घातलंय, पण क्लब अगदीच छोटा आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फोन ठेवला आणि मी कपाटातली हिरवी फाइल काढली. तुमच्यासारख्याच एका जर्मन खेड्यातल्या क्लबाचा इतिहास मी सुरतेत बसून टाइप केला आहे, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुमचे आजोबा इथल्याच भेस्तान भागातल्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर होते आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. कारखान्यात जर्मनीहून नवे माग आले, आणि ते बसवायला तिकडचाच एक फिटर आला. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा. हॉटेलचं तिखट त्याला सोसेना, म्हणून आजोबा त्याला दर रविवारी घरी जेवायला आणू लागले.

तिसऱ्या रविवारी त्याने पिशवीतून झेरॉक्सचा जाड गठ्ठा काढला. आपल्या गल्लीपेक्षाही कमी घरं असलेल्या त्याच्या गावात फुटबॉल क्लब होता आणि हा त्याचा चिटणीस. क्लबाचा मोठा वर्धापनदिन जवळ आला होता. पूर्वी गावातून अमेरिकेला गेलेल्यांची नातवंडं येणार होती, त्यांना जर्मन येत नव्हतं, म्हणून क्लबाची जुनी नोंदवही, जिची ही झेरॉक्स, इंग्रजीत हवी होती. त्याचं इंग्रजी यंत्रापुरतं. तो मोडकंतोडकं सांगणार आणि मी नीट वाक्यं करून शाळेच्या जुन्या टाइपरायटरवर उतरवणार, असं ठरलं.

आजोबा म्हणाले, "अगं, गोलकीपर चेंडू हातात धरतो, एवढं तरी ठाऊक आहे का तुला?"

ठाऊक नव्हतं.

वहीत प्रत्येक रविवारची एक ओळ. कोण खेळलं, किती गोल झाले, मैदानात गाय बसल्यामुळे किती उशीर झाला, वादळात मोडलेल्या खांबासाठी लाकूड कोणी दिलं. शेवटी, गवत कोणी कापलं. मी इतिहासात राजे आणि लढाया शिकले होते. गवत कापणाऱ्याचं नाव कोणी इतकी वर्षं लिहून ठेवतं, हे पाहून मी थक्क झाले.

मग दुसऱ्या महायुद्धाची वर्षं आली. त्याने तेवढे कागद वेगळे काढून पालथे ठेवले. म्हणाला, इथे एकच वाक्य घाला, युद्धामुळे सामने झाले नाहीत. क्लबाच्या समितीचं तसं ठरलंय.

त्या युद्धात त्याच्या देशाने काय केलं ते मी वाचलेलं होतं. मी टाइपरायटरला नवा कागद लावला. पण कागद वेडेवाकडे पडलेले मला बघवत नाहीत. नीट रचायला उचलले, तर प्रत्येक पानावर तीच ओळ, तारखा तेवढ्या वेगळ्या, अक्षर बाईचं. काय लिहिलंय, म्हणून विचारलं.

"आज सामना नाही," तो म्हणाला. सगळीकडे तेच. मधूनमधून एवढंच जास्तीचं: आज सामना नाही, गवत कापलं.

ते अक्षर त्याच्या आजीचं होतं. त्याचे आजोबा तेव्हा क्लबाचे चिटणीस होते. लढाईवर जाताना त्यांनी वही बायकोकडे दिली. पण त्या काळी बायकांना सभासद होता येत नव्हतं, म्हणून तिचं लिहिणं क्लबाचं नव्हे, असं समितीचं म्हणणं. त्यालाही ते पटल्यासारखं झालं होतं.

शेजारीण दुपारी पातेलं परत करायला आली होती. धुळ्याकडची, दिवसभर लूमसाठी कांड्यांवर सूत भरणारी. काय चाललंय विचारलं तसं मी सांगितलं. ती कागदांवर वाकली आणि तिच्या अहिराणीत म्हणाली, "तिना नवरा उना का मंग?"

तिचा नवरा परत आला का? इतका वेळ मी पानं रचत होते, पण हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता. मी तिचा प्रश्न इंग्रजीत त्याला विचारला.

त्याने गठ्ठ्यातलं शेवटचं पान काढून वाचलं: आज सामना. आमचे सात जण, त्यांचे सहा. गोल मोजले नाहीत.

अक्षर तेच होतं. बाईचं.

"नाही आले," तो म्हणाला.

 समिती चिडेल, असं स्वतःशीच म्हणाला. शेवटी सगळा गठ्ठा त्याने टाइपरायटरशेजारी सुलटा ठेवला.

"लिहा. सगळे रविवार."

तीन रविवार लागले. तारीख नवी, वाक्य तेच. गवत कापल्याची ओळ आली की मात्र माझी बोटं थांबत. खेळायला कोणी नसताना ती बाई मैदान तयार ठेवत होती.

तो गेल्यावर काही महिन्यांनी पत्र आलं. समितीत खूप वाद झाला, पण सगळी पानं छापली गेली. चिटणिसांच्या यादीत, नवऱ्याच्या नावाखाली, तिचं नाव घातलं.

तो फिटर आता नाही. शेजारीण मुलाकडे गोडादऱ्याला राहते. टाइपरायटर शाळेने मोडीत काढला. कार्बन कॉपी माझ्या हिरव्या फाइलीत आहे. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते.