गच्चीवरचा नकार

बचनसिंगाने आपले नाक माझ्या तोंडापाशी आणले, क्षणभर तो थांबला आणि एक पाऊल मागे सरून म्हणाला, "पंडितजी, आज आप नहीं जाएँगे।"

आम्ही गुडगावातील एका अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर उभे होतो. माझ्या कमरेला पट्टा बांधून झाला होता, डोक्यावर हेल्मेट होते. खाली पोर्चमध्ये इमारतीचे फॅसिलिटी मॅनेजर कपूर आणि कंपनीचे दोन डायरेक्टर खुर्च्या टाकून वर पाहत बसले होते. त्यांना पाहायचे होते ते मलाच. त्या सकाळच्या ट्रायलवर संपूर्ण इमारतीचे कॉन्ट्रॅक्ट अवलंबून होते, आणि त्या कॉन्ट्रॅक्टवर माझा दुसऱ्यांदा उभा राहू पाहणारा व्यवसाय.

"क्यों?" मी विचारले.

"बू आ रही है।"

या शब्दांचा अर्थ कळण्यासाठी वाचकांना थोडे मागे न्यावे लागेल.

इमारतीच्या काचा बाहेरून पुसणे हे माझे काम. घरची खिडकी पुसण्यापेक्षा त्यात वेगळे काही नाही. वेगळी असते ती उंची. गच्चीवरून दोर सोडायचा आणि त्यावर बसून काचा पुसत पुसत खाली यायचे. वरपासून खालपर्यंतच्या अशा एका पट्ट्याला आम्ही 'ड्रॉप' म्हणतो. प्रत्येक माणसाला दोन दोर असतात. एकावर तो बसतो. दुसरा नुसता सोबत असतो, पहिला दगा देईल त्या दिवसासाठी. दोर गच्चीवर जिथे बांधतात तो 'अँकर'. अँकर एकाने बांधायचा आणि दुसऱ्याने तपासायचा, असा नियम आहे.

मी पुरोहिताच्या घरातला. बारा वर्षे पाठशाळेत संस्कृत शिकलो आणि ते शिकविण्यासाठीच दिल्लीस आलो. ती शाळा दोन वर्षांत बंद पडली. तेव्हा एका परिचितांनी आपल्या शोरूमच्या काचा स्वच्छ करवून घेण्याचे काम माझ्यावर सोपविले. तात्पुरते म्हणून घेतलेले ते काम भगवंताने माझ्यासाठी कायमचे नेमून दिले होते, असे आज वाटते. दहा वर्षांत माझ्या हाताखाली सात माणसे झाली. त्यांतला सर्वांत जुना बचनसिंग. तो गढवालचा. तरुणपणी गिर्यारोहकांची ओझी वाहिल्यामुळे त्याला दोराचे ज्ञान होते. माझे ज्ञान त्याच्याकडूनच आलेले.

मग माझ्या आयुष्यात दारू आली. प्रथम संध्या सुटली, मग वेळ सुटली, मग लाज. एका सकाळी मी प्यालेल्या अवस्थेत गच्चीवर गेलो आणि बचनसिंगाचा मुख्य दोर पाण्याच्या पाइपाला बांधला. बांधलाही मीच आणि तपासला आहे असे सांगितलेही मीच. पाइप निखळला. दुसरा दोर बचनसिंगाने स्वतः खांबाला बांधला होता, म्हणून तो वाचला. चौथ्या मजल्यासमोर तो पाऊण तास लोंबकळत राहिला. खाली आल्यावर त्याने पट्टा सोडला, त्याची नीट घडी करून ती माझ्या पायांपाशी ठेवली आणि तो निघून गेला. त्याच्यामागोमाग बाकीचेही गेले.

व्यसनमुक्ती केंद्रातून मी बाहेर पडलो तेव्हा संध्या पुन्हा सुरू झाली होती. व्यवसाय मात्र उरला नव्हता. सर्वप्रथम मी बचनसिंगाला शोधले. करोल बागेत गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानासमोर, एका मारुतीत आडवा होऊन तो सीट कव्हर चढवीत होता. मी क्षमा मागितली. त्याने मान वर केली नाही. पुन्हा काम करशील का, असे विचारले तेव्हा मात्र तो बाहेर आला.

"शर्त है," तो म्हणाला. "रोज़ सुबह, रस्सी से पहले, मैं आपका मुँह सूँघूँगा। मैंने मना किया तो मना। उस दिन आप रस्सी को हाथ भी नहीं लगाएँगे। और बहस की, तो मैं उसी दिन गया।"

मी होकार दिला. मला ही अट नवी नव्हती. पाठशाळेत पठण चालू असता शेजारच्या विद्यार्थ्याने बोट वर केले, की स्वर चुकला असे समजून पुन्हा आरंभापासून म्हणावे लागे. माझा स्वर बरोबर होता, असे म्हणण्याची तिथे सोय नव्हती.

तेव्हापासून वर्षभर हा विधी रोज चालला. आमचा तिसरा माणूस सलीम. वरून दोरांवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. तो रोज थट्टा करी, "भाईजान, हमारा भी सूँघ लो, प्याज़ के पराँठे खाए हैं।" बचनसिंग हसत नसे. माझ्या तोंडापाशी नाक नेताना त्याच्या चेहऱ्यावर जी गंभीरता असे, ती मी केवळ गाभाऱ्यात पाहिली आहे.

ती वर्षे गुडगावच्या उदयाची होती. परदेशी कंपन्या येत होत्या. मोहरीच्या शेतांच्या कडेला जमिनीपासून आकाशापर्यंत नुसत्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि तिथल्या धुळीने त्या काचा आठ दिवसांत मातकट होत होत्या. आमच्या व्यवसायाला याहून चांगला काळ येणे शक्य नव्हते. या इमारतीचे कपूर हे सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. पट्ट्याला पेजर, बोलणे मोजके. त्यांनी माझी चौकशी केली होती.

"पंडितजी, आपके आदमी अच्छे हैं, सब कहते हैं," ते म्हणाले. "मालिक के बारे में लोग कुछ और कहते हैं।"

"जे म्हणतात ते खरं होतं," मी त्यांना हिंदीतच सांगितले. "आता नाही."

"तो फिर पहला ड्रॉप मालिक करेगा। मेरे डायरेक्टर्स के सामने।"

मी आनंदाने मान्य केले. कॉन्ट्रॅक्ट हवेच होते. पण त्याहून अधिक, मी दोरावरून सरळ, शांतपणे खाली येताना कोणीतरी पाहावे अशी मला इच्छा होती. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी अशी इच्छा शोभत नाही, पण होती.

आणि त्याच सकाळी बचनसिंग म्हणाला की बू येते आहे.

मला संताप आला. वाद घालायचा नाही हे मला ठाऊक होते, तरी मी घातला. दाढ दुखत होती. आमच्या मयूर विहारच्या सोसायटीतले मुजुमदार हौसेने होमिओपॅथीची औषधे देतात. त्यांनी एक बाटली दिली होती. कापसाने हिरडीला लावायची. मी बचनसिंगाला म्हणालो, "दाढ़ की दवा है। होम्योपैथी। शराब नहीं।" आणि पुरावा म्हणून बॅगेतून बाटली काढली.

त्याने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मला परत दिली. त्याला इंग्रजी येत नव्हते.

"पढ़िए," तो म्हणाला.

मी चष्मा लावला. वर औषधाचे नाव होते. खाली बारीक अक्षरांत घटक होते. त्या अक्षरांत अल्कोहोल लिहिलेले होते, आणि पुढे त्याचे प्रमाण. ते थोडे नव्हते.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. बाटली माझ्या हातात होती. वाचणारा मी एकटा. सलीमलाही ते वाचता आले नसते. खाली तीन माणसे वाट पाहत होती. वरचे नाव वाचून बाटली बॅगेत टाकली असती, तर पाच मिनिटांत मी दोरावर असतो.

"लिखा है कि इसमें अल्कोहोल है," मी म्हणालो. "मुझे मालूम नहीं था, बचनसिंग। सच में नहीं।"

"मान लिया।" तो जराही रागावला नव्हता. "सुबह से कितनी बार लगाई?"

"चार."

"और बोला कितनी बार था?"

मुजुमदारांनी दोन वेळा सांगितले होते, आणि तेही दिवसभरात. अजून साडेनऊच वाजले होते. पहाटेपासून मी त्या बाटलीकडे चार वेळा गेलो होतो, आणि प्रत्येक वेळी मला वाटले होते की दाढेने बोलावले. दाढेनेच बोलावले असेलही. पण त्या क्षणी मला ते छातीठोकपणे सांगता येईना. माझे शरीर एक जुनी गोष्ट ओळखत होते आणि मला ती कळली नव्हती. बचनसिंगाला कळली.

मी पट्टा सोडला.

"ड्रॉप तू कर," मी म्हणालो. "सलीम वर थांबेल. मी खाली जातो."

लिफ्टमधून खाली येताना मी नामस्मरण करीत होतो. धैर्य वाढले असे म्हणणार नाही. पण पाय थांबले नाहीत.

कपूर उठून उभे राहिले. "आप नीचे कैसे?"

"आज मी अनफिट आहे, साहेब. ड्रॉप माझा माणूस करील."

"पी है?"

"दाढेचं औषध लावलं. त्यात अल्कोहोल आहे हे मला आत्ता कळलं. आमच्याकडे वास आला की त्या दिवशी दोर नाही. कारण विचारलं जात नाही."

दोघा डायरेक्टरांपैकी एक हसला. "आणि हे पकडलं कोणी?"

"जो आता खाली येणार आहे, त्याने."

"तुमच्या नोकराने तुम्हाला उतरवलं?"

"हो."

कपूरांनी हाताने 'करा' अशी खूण केली आणि ते बसले.

आता माझ्यासाठी एकच काम उरले होते. दोराखालच्या जागेभोवती पट्टी लावून तिथे कोणाला येऊ न देण्याचे. आमच्या व्यवसायात हे काम सर्वांत नव्या माणसाला देतात. इस्त्रीचा शर्ट घातलेला मी, कंपनीच्या मालकाच्या नात्याने, ड्रायव्हरांना सांगत होतो, "भाईसाहब, उधर से जाइए। ऊपर काम चल रहा है।" एकाने विचारले, "गार्ड बदल गया क्या?" मी म्हणालो, "आजच्या दिवस."

बचनसिंग सुरेख काम करीत होता. साबणाचे पाणी, मग रबराची पट्टी, मग कडेची फडक्याने पुसणी. मातकट काचेतून मागे स्वच्छ आकाश उघडत येत होते. सातव्या मजल्यापर्यंत सगळे ठीक झाले. मग वारा सुटला. आसपास सगळे उघडे रान असल्यामुळे तिथला वारा काही न सांगता येतो. बचनसिंगाने हात वर केला, दोर अडकवला, काचेला चिकटणारा सक्शन कप लावला आणि तो स्वस्थ बसून राहिला.

पाच मिनिटे गेली, दहा गेली. एका डायरेक्टरने घड्याळ पाहिले.

"पंडितजी, इनको एअरपोर्ट जाना है," कपूर म्हणाले. "उसको बोलिए, धीरे धीरे आ जाए। इतनी भी हवा नहीं है।"

"साहेब, इथे खाली वारा नाही. वर आहे."

"आप मालिक हैं कि नहीं?"

"आहे. पण वारा त्याच्या अंगाला लागतो आहे. तो निघेल तेव्हा निघेल."

डायरेक्टर निघून गेले. जाताना कोणी हात मिळविला नाही. वारा पडल्यावर बचनसिंग उरलेला पट्टा पुसत खाली आला, तेव्हा पोर्चमध्ये रिकाम्या खुर्च्या होत्या. कपूर कोरडेपणाने म्हणाले, "कळवतो." या शब्दाचा अर्थ मला चांगला माहीत होता.

व्हॅनमध्ये बचनसिंग माझ्या शेजारी बसला होता. मी म्हणालो, "तू योग्य केलंस."

"पता है," तो म्हणाला, आणि सलीमकडे वळला. "पानी दे।"

घरी मी कुंदाला, माझ्या पत्नीला, सर्व सांगितले. तिने बाटली घेतली, सिंकमध्ये ओतली आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. "मुजुमदारांना मी सांगते," ती म्हणाली. "आणि अहो, चार वेळा लावलीत ते मलाही सांगायचं होतंत. मी काय फक्त चहा करायला आहे का?" दुसऱ्या दिवशी मी दंतवैद्याकडे जाऊन दाढ काढून घेतली.

चौथ्या दिवशी कपूरांचा फोन आला.

"पंडितजी, काल दुसऱ्या कंपनीची ट्रायल घेतली. मालक स्वतः दोरावर आला. फर्स्ट क्लास माणूस. सहाव्या मजल्यावर वारा आला आणि तो थांबला. मी मुद्दाम ओरडलो, 'आ जाओ, इतनी हवा नहीं है।'"

"मग?"

"आ गया," कपूर म्हणाले. "मैंने फौज में ऐसे लड़के देखे हैं। सब वापस नहीं आए। सोमवारपासून सुरू करा. आणि तुमचा ड्रॉप अजून बाकी आहे, विसरू नका."

मी विसरलो नव्हतो. सोमवारी बचनसिंगाने नाक जवळ आणले, नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ तो थांबला, आणि मग त्याने माझ्या पट्ट्याची कडी स्वतःच्या हाताने ओढून पाहिली. "जाइए," तो म्हणाला. मला खाली पोहोचायला त्याच्या दुप्पट वेळ लागला. कपूर खालून पाहत होते. "स्लो," एवढेच ते म्हणाले.

ती इमारत आमच्याकडे नऊ वर्षे होती. तिच्यामुळे शेजारच्या चार मिळाल्या. पुढे आमच्याकडे एकवीस माणसे झाली, आणि प्रत्येक गच्चीवर मालकासकट सर्वांना परत पाठविण्याचा अधिकार असलेला एक माणूस नेमलेला असे. या व्यवसायात नव्याने येणारे सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना दोन गोष्टी सांगतो. तुम्हाला नाही म्हणायला कचरणार नाही असा माणूस वर ठेवा. आणि दाढ दुखत असेल तर दंतवैद्याकडे जा.