गाडीच्या पोटात हात

तीस वर्षं मी उमापूरच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवलं. घंटी वाजवून दाखवली, चुंबक फिरवून विजेरीचा दिवा लावून दाखवला. तेव्हा कुणाला वाटलं नाही की बाईंना विजेतलं काय कळतंय. निवृत्त झाले, गेवराईत माहेरापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आले आणि वडिलांच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं, तेव्हा मात्र सगळ्या गल्लीला एकाएकी माझ्या अकलेची काळजी वाटायला लागली.

वडिलांचं कापडाचं दुकान होतं. गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या दांडीवर गियर असलेली ती गाडी त्यांनी जिवापाड जपली. चालवायला शिकवली ती मला, भावाला नाही, कारण भाऊ तिसऱ्या सेल्फला वैतागायचा. वडील गेले आणि गाडी दुकानामागच्या गोदामात जाऊन बसली. मनात आलं तर सुरू व्हायची, नाही तर नाही. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान, दुकान आता तोच बघतो. एकदा म्हणाला, "अक्का, बीडचा एकजण मागं लागलाय. नवरदेवासाठी गाड्या सजवून देतो. ही नुसती धूळ खातीय. इकून टाकू."

"बंद पडते म्हणून विकतोस ना? चालवून दाखवली तर?"

"दिवाळीपर्यंत बिनतक्रार चालली तर न्हाई इकत. शब्द हाय माझा."

मी तो शब्द धरला. गाडीचं दुखणं मला ठाऊक होतं. अशा जुन्या गाड्यांत ठिणगी पाडायला पॉइंट असतात, म्हणजे सतत उघडझाप करणारी दोन इवलीशी टोकं. ती झिजतात, जळतात, त्यांच्यातली फट बदलते आणि गाडी रुसते. वडील काडीपेटीच्या पुठ्ठ्यानं ती फट मोजायचे. मी पुण्याहून इलेक्ट्रॉनिक इग्निशन मागवलं. सुपारीच्या डबीएवढी वस्तू, तिला दोन वायरी आणि सोबत एक चुंबकाचं कडं. पॉइंट काढायचे, तिथं ही डबी बसवायची, लाल वायर कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज वाढवणाऱ्या वेटोळ्याच्या, अधिकला, काळी उणेला. चुंबक फिरलं की ठिणगी. जे तीस वर्षं फळ्यावर काढलं, तेच.

एका दुपारचं काम होतं. भाऊ दोनदा डोकावला आणि दोन्ही वेळा म्हणाला, "मिस्त्रीला बोलवू का?" संध्याकाळी किल्ली फिरवली आणि गाडी अर्ध्या सेल्फला सुरू झाली. तो म्हणाला, "बघू किती दिवस टिकतंय."

पुढं खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी तराजू, कात्री, गज आणि गाडी यांची पूजा होते. गाडीची पूजा करायची तर चावी चालू ठेवायची, इंडिकेटर लुकलुकत ठेवायचे, म्हणजे गाडी जागी आहे असं देवाला दिसतं. मी आत पुरणपोळ्या लाटत होते. आरतीला उमापूरचे चुलते यायचे होते आणि त्यांची एसटी वाटेत वाळूच्या ट्रकांमागं अडकली. तास गेला, दीड तास गेला. चावी चालूच.

आरती झाली, लिंबं चाकाखाली ठेवली, भावानं सेल्फ मारला. गाडी सुरू होईना. चुलते कुंकवाचा हात पुसत म्हणाले, "बाईमानसानं गाडीच्या पोटात हात घातलाच कावून?"

मी पिठाच्या हातानं बॉनेट उघडलं. कॉइल तव्यासारखी तापलेली. इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली की कॉइलमधून वीज वाहत राहते आणि ही डबी भाजून निघते. मी विचारलं, "चावी किती वेळ चालू होती?"

"दरसाल ठिवतो की," भाऊ म्हणाला. "कधी काय झालं न्हाई."

दरसाल आरती पाच मिनिटांत उरकायची. पण हे ऐकून घ्यायला कोण बसलं होतं? डबी जाळली त्यांनी आणि नाव माझं. मला इतका संताप आला की पुढच्या पोळ्या जाड झाल्या, आणि त्यावरूनही मलाच ऐकून घ्यावं लागलं.

दुसरी डबी मागवली, बसवली. दिवाळीपर्यंत ती गाडी मी रोज काढली. बीडला गेले, उमापूरला गेले, हायवेवर ट्रकांच्या रांगेत तासभर उभी राहिले. एकदाही बंद पडली नाही. दिवाळी झाली आणि तिसऱ्या दिवशी बीडचा तो माणूस भावाच्या घरी हजर. त्यानं किल्ली फिरवली, गाडी लागलीच सुरू झाली, आणि तो खूश होऊन म्हणाला, "वरातीत असली गाडी बंद पडली की नवरदेव पायी चालतो बगा. ही न्हाई पडायची. कुणी बसवलं हे?"

"हाय इथला एक मिस्त्री," भाऊ म्हणाला.

मी चहाचा ट्रे घेऊन दोघांच्या मधे उभी होते.

भावाला बाजूला घेतलं. म्हटलं, शब्दाचं काय झालं? तो म्हणाला, "अगं, चालती हाय तवरच गिऱ्हाईक हाय." म्हणजे बंद होती म्हणून विकायची होती, आणि आता मी चालू केली म्हणून विकायची. त्यानं खिशातून कागद काढला. गाडी अजून वडिलांच्या नावावर, बाकीच्या वारसांची हरकत नाही असं लिहून द्यावं लागतं. "हितं सही कर, अक्का."

घर, दुकान, शेत, तिन्हींच्या कागदांवर मी अशीच सही केली होती. वाचलंसुद्धा नव्हतं. हिस्सा मागणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मी कागद वाचला, घडी केली आणि त्याच्या हातात परत दिला. "ज्या मिस्त्रीनं बसवलं, त्याची सही घे."

"एका डबड्यापायी म्हायेर तोडतीस का?"

मी बीडच्या माणसाला म्हटलं, तुम्ही उतरा, आणि गाडी माझ्या दारात नेऊन लावली.

यंदा नागपंचमीला माहेरचं बोलावणं आलं नाही. दुपारी बारापर्यंत वाट बघितली. मग गाडी काढली, भावाच्या दारासमोर उभी केली आणि आत जाऊन म्हणाले, "पंचमीला आलेय. पान वाढायला सांग."